अस्मानी, सुलतानी आणि ईश्वराचे सार्वभौमत्व

१

माणसावर कोसळणाऱ्या आपत्तींची विभागणी मराठी भाषेने फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. आकाशातून येते ती अस्मानी आणि राजाच्या दारातून येते ती सुलतानी. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड, पटकी ही पहिलीची रूपे. स्वारी, सक्तीचा वसूल, वेठ आणि जप्ती ही दुसरीची. हे दोन्ही शब्द दरबारी भाषेतून आले आणि कुणब्याच्या तोंडी रुळले. रामदासांच्या स्फुट प्रकरणांत 'अस्मानी सुलतानिया' या नावाचे प्रकरण आहे, यावरून सतराव्या शतकातच ही जोडी किती पक्की झाली होती हे ध्यानात येते. मात्र हे शब्द आपत्ती कोठून आली एवढेच सांगतात. आकाश आणि सुलतान या दोहोंच्या वर कोणी आहे काय, आणि असल्यास या आपत्तीशी त्याचे नाते कोणते, या प्रश्नाविषयी ते मौन पाळतात.

खानदेशच्या इतिहासात ही जोडी केवळ भाषिक राहिलेली नाही. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खन या प्रदेशांत भीषण दुष्काळ पडला. त्याच वेळी शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. मुमताजमहल तेथेच १६३१ मध्ये निवर्तली. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. नंदुरबारच्या परिसरातील भूकबळींचे आणि प्रेतांनी भरलेल्या वाटांचे जे वर्णन त्याने करून ठेवले आहे, ते आजही वाचवत नाही. पाऊस पडला नाही ही अस्मानी. ज्या मुलखात पीक नाही त्याच मुलखावर एका प्रचंड लष्कराच्या पोटाचा भार पडला ही सुलतानी. मरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच हंगामात, एकाच वाटेने आल्या. याच दुष्काळाने देहूच्या तुकारामांचे घर आणि व्यापार उद्ध्वस्त केला, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला वेगळी सांगावयास नको.

ख्रिस्ती श्रद्धेचे एक मूलभूत प्रतिपादन असे की, अस्मान आणि सुलतान हे दोन स्वतंत्र धनी नाहीत. परिस्थिती आणि राज्यकर्ता ही दोन्ही एकाच ईश्वराच्या सत्तेखाली आहेत. मराठी बायबलने त्यासाठी 'सर्वसमर्थ', 'परात्पर', 'सेनाधीश परमेश्वर' अशी नामे रूढ केली. या प्रतिपादनातून उद्भवणारा नैतिक प्रश्न उघड आहे. सुलतानही ईश्वराच्याच हातात असेल, तर सुलतानी निमूटपणे सोसावयाची काय? आणि दुष्काळही त्याच्याच आज्ञेत असेल, तर भुकेल्या माणसाने तक्रार कोणाकडे करावयाची?

२

या प्रश्नाचे उत्तर शोधताना 'सार्वभौमत्व' ही कल्पना 'दैव', 'प्रारब्ध' आणि 'भोग' या मराठी मनाला परिचित असलेल्या कल्पनांहून वेगळी आहे हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. प्रारब्धात हिशेब आहे. पूर्वकर्म आणि आजचे फळ यांचा मेळ तेथे बसतो, निदान बसतो असे गृहीत धरले जाते. दैव हिशेबाच्या पलीकडचे आहे. परंतु त्याला चेहरा नाही, त्याच्याशी भांडता येत नाही. बायबलमधील ईश्वराशी मात्र भांडता येते. अब्राहाम त्याच्याशी घासाघीस करतो, ईयोब त्याला जाब विचारतो, स्तोत्रकर्ते तो झोपला आहे काय असे विचारतात. ज्याच्या हातात सर्व आहे त्याच्याकडेच सर्वाविषयी दाद मागावयाची, असा हा व्यवहार आहे.

राज्यकर्त्यांविषयीच्या बायबलमधील कथा या दृष्टीने तपासण्यासारख्या आहेत. आपल्या सामर्थ्याचा गर्व वाहणारा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर माणसांतून हाकलला जातो, बैलासारखे गवत खातो, आणि राज्य कोणाचे आहे हे कळल्यावर त्याची बुद्धी परत येते. पारसाचा राजा कोरेश याला यशया अभिषिक्त म्हणतो. त्या राजाला मात्र इस्राएलच्या देवाची ओळखही नाही. अश्शूरला तोच ग्रंथ ईश्वराच्या हातातील सोटा ठरवतो आणि लगेच पुढे सांगतो की, या सोट्याने स्वतःला धनी समजल्याबद्दल त्याचाही न्याय होईल. ईश्वराच्या योजनेत एखाद्या सत्तेला स्थान असणे आणि त्या सत्तेला ईश्वराची मान्यता असणे, या दोन गोष्टी येथे काळजीपूर्वक वेगळ्या ठेवलेल्या आहेत. साधन झालेला राजा निर्दोष ठरत नाही.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगतो आणि अधिकार ईश्वराकडून आहे असे म्हणतो. जगभरच्या राज्यकर्त्यांना हा अध्याय फार प्रिय आहे. परंतु त्याच नव्या करारात पेत्र आणि इतर प्रेषित यरुशलेमच्या न्यायसभेसमोर उभे राहून माणसांपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ असल्याचे बजावतात, आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात साम्राज्य हे समुद्रातून वर येणारे श्वापद म्हणून दिसते. ज्या पौलाने तो अध्याय लिहिला त्याला, परंपरेनुसार, रोमच्याच सत्तेने देहदंड दिला.

या परस्परविरुद्ध वाटणाऱ्या संहितांचा मेळ घालण्याचे प्रयत्न धर्मशास्त्राने पुष्कळ केले आहेत. ऑगस्टीनने दोन नगरांची कल्पना मांडली, कॅल्व्हिनने दुय्यम अधिकाऱ्यांना जुलमी राजाला आवर घालण्याचा अधिकार दिला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक वाट उपलब्ध आहे. विधानाचा अर्थ केवळ त्याच्या शब्दांत नसतो. ते कोणी, कोणाला उद्देशून आणि कोठे उभे राहून उच्चारले यावर तो अवलंबून असतो. या कसोटीवर पिलातासमोरचा प्रसंग निर्णायक ठरतो. सोडण्याचा आणि वधस्तंभावर खिळण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे सुभेदार बंदिवानाला सांगतो. वरून दिलेला नसता तर तो अधिकार तुला नसता, असे बंदिवान त्याला सुनावतो. सत्ता ईश्वराची आहे हे विधान येथे सत्ताधाऱ्याच्या तोंडी नाही. ते साखळदंडातल्या माणसाने सत्ताधाऱ्याला उद्देशून केलेले आहे, आणि त्यामुळेच त्याने सुभेदाराचा अधिकार मोठा होत नाही; त्याला सीमा पडते. पिलात हेच वाक्य स्वतःविषयी उच्चारता तर त्याचा अर्थ नेमका उलटा झाला असता.

३

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हे वाक्य नेमके उलट दिशेने फिरले. १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' पत्रातून प्रसिद्ध झालेल्या शतपत्रांत लोकहितवादींनी इंग्रजांचे येणे ईश्वरी योजनेत बसवले. आळसावलेल्या समाजाला शहाणे करण्यासाठी हे गुरू धाडले गेले आहेत, असा त्यांचा आशय होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या विचारातही ब्रिटिश संबंधाला ईश्वरी संकेताचे स्थान होते. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'त (१८७३) इंग्रजी राज्य हे शूद्रातिशूद्रांच्या सुटकेचे निमित्त म्हणून येते. या तिघांची प्रेरणा एक नाही. फुल्यांचे विधान पेशवाईच्या टाचेखालून सुटलेल्यांच्या वतीने केलेले आहे आणि 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) त्याच सरकारच्या गोऱ्या कामगारांवर ते आसूड ओढतात. उपकारकर्त्या सत्तेचाही न्याय होतो ही यशयाची शिस्त, यशयाचे नाव न घेता, फुल्यांनी पाळलेली दिसते.

'ईश्वरी संकेत' या सिद्धांतातील दोष राजनिष्ठेपेक्षा खोल आहे. इतिहासाच्या वाटचालीतून ईश्वराचा हेतू वाचता येतो, असा आत्मविश्वास त्यात आहे. खानदेशात १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला, भिल्लांचे उठाव मोडण्यात आले, १८२५ मध्ये जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली. १८५२ मध्ये जमीन-मोजणीविरुद्ध सावदा-फैजपूरच्या बाजूला शेतकरी उठले आणि सैन्य पाठवून तोही उठाव दडपण्यात आला. यांतील कोणत्या घटनेत संकेत वाचावयाचा? जिंकलेल्या बाजूने वाचला तर पलटणीत, हरलेल्या बाजूने वाचला तर उठावात. विजेत्याच्या यशाला ईश्वरी इच्छा म्हणणे हे ईश्वराच्या सार्वभौमत्वाची कबुली देणे नव्हे. ते यशाला ईश्वर मानणे आहे.

हा धोका भारतापुरता नाही. जर्मनीत १९३३ मध्ये नव्या राजवटीला ईश्वरी देणगी मानणारे ख्रिस्ती होते. त्यांना उत्तर म्हणून १९३४ मध्ये बार्मेन येथे जे घोषणापत्र निघाले त्याने ख्रिस्ताखेरीज अन्य कोणत्याही सत्तेला चर्चच्या संदेशाचा उगम मानण्यास नकार दिला. दक्षिण आफ्रिकेत १९८५ च्या कैरोस घोषणापत्राने रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा वर्णद्वेषी राजवटीने चालवलेला वापर 'राज्यसत्तेचे धर्मशास्त्र' म्हणून उघडा पाडला.

४

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे आचरणातून दिली गेली आहेत. पहिले पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंच्या दृष्टीने हिंदुस्थानचे राज्यकर्ते हे स्वधर्मीय होते. तरीही १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात आणि सरकारी रुग्णालयात स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात उघड तक्रार केली. सरकारने आरोपांचा इन्कार केला. रमाबाई बधल्या नाहीत. प्लेग ही अस्मानी होती, बंदोबस्त ही सुलतानी. रमाबाईंची ईश्वराच्या तरतुदीवर इतकी भिस्त होती की केडगावच्या मुक्तिसदनाचा अवाढव्य संसार त्यांनी प्रार्थनेच्या बळावर चालवला असे त्या सांगत. परंतु त्या भिस्तीचा अर्थ त्यांनी मौन असा केला नाही. आपल्यावर आध्यात्मिक अधिकार सांगणाऱ्या इंग्रज धर्मभगिनींशीही त्यांनी पत्रांतून वाद घातला आणि सदसद्विवेक कोणाच्याही हवाली करण्यास नकार दिला. ज्याचा धनी एकच आहे, त्याला दुसरे धनी नाकारता येतात, हे सार्वभौमत्वाचे दुसरे अंग रमाबाईंच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

दुसरे उत्तर नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. १९१७ मध्ये त्यांनी ती सेवा सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. या नावातील औचित्य तपासण्याजोगे आहे. डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला होता आणि त्याचा गाजावाजा देशभर झाला होता. सातारा ही तर छत्रपतींची गादी, जी १८४८ मध्ये वारस नामंजूर करून खालसा झाली. एक दरबार बुडालेल्या गावात, दुसऱ्या दरबाराच्या ऐन भरात, टिळकांनी तिसरा दरबार मांडला. त्याला सिंहासन नव्हते, मनसबदार नव्हते आणि पगार तर नव्हताच. ज्या सत्तेची खूण ती नव्हती, त्या सत्तेचा शब्द मात्र त्यांनी उचलला. तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या या कवीच्या मनात राजा ही प्रतिमा एकटी कधीच नव्हती. त्याचा ख्रिस्त माउली होता, गुरू होता. मराठी भक्तीने देवाला दळणकांडणाला लावले होते. शिष्यांचे पाय धुणारा राजा या परंपरेला अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते.

येथे सार्वभौमत्वाच्या कल्पनेतच एक बदल होतो. सुलतानाची सत्ता अमर्याद मोठी केली की ईश्वराची सत्ता मिळते, अशी समजूत असेल तर ईश्वर हा केवळ सर्वांत मोठा सुलतान ठरतो आणि त्याच्यापुढे नमणे ही गुलामीची शेवटची पायरी होते. वधस्तंभाच्या बाजूने पाहिले म्हणजे हे गणित मोडते. ज्याच्या हातात सर्व आहे तो स्वतः सुलतानीचा बळी झालेला आहे.

५

राज्यकर्त्यांइतकाच परिस्थितीचा प्रश्न बिकट आहे. ईयोबाच्या ग्रंथात त्याचे तीन मित्र पुनःपुन्हा ईश्वराच्या न्यायाची आणि सामर्थ्याची बाजू मांडतात. त्यांची बरीच वाक्ये धर्मशास्त्रदृष्ट्या बिनचूक आहेत. तरीही शेवटी ईश्वर त्यांच्यावर रागावतो आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाचेच बोलणे यथार्थ ठरवतो. पिलाताच्या प्रसंगातील निकष येथेही लागू पडतो. सर्व त्याच्या हातात आहे हे राखेत बसलेला माणूस म्हणू शकतो. राखेबाहेर बसलेल्याने ते त्याला ऐकवणे हा अपराध आहे. योसेफाने भावांना सांगितले की, तुम्ही वाईट योजले ते ईश्वराने चांगल्यासाठी योजले. हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार योसेफालाच होता, आणि तोही भावांना क्षमा करताना. भावांनी ते आपल्या बचावासाठी म्हटले असते तर ते निर्लज्जपणाचे ठरले असते. खड्ड्यात पडलेल्या योसेफाला कोणी ते वरून सांगितले असते तर ते क्रूर ठरले असते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे (१९३४-३६) नैतिक सामर्थ्य याच संयमात आहे. नवऱ्याच्या धर्मांतराने मोडलेला संसार, वियोगाची वर्षे, १९०० मधील स्वतःचे धर्मांतर, प्लेग, दारिद्र्य, हाती आलेले वाटून टाकणारा नवरा — यांतील कोणत्याही प्रसंगानंतर लेखिका थांबून ईश्वराचा हेतू समजावून सांगत बसत नाही. ती प्रसंग सांगते, पुष्कळदा हसते आणि पुढे जाते. श्रद्धा तिच्या निवेदनाच्या लयीत आहे. स्पष्टीकरणात ती नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) या निरक्षर कवयित्रीचे उदाहरण वेगळ्या धर्मपरंपरेतले असले तरी येथे प्रस्तुत आहे. तरुणपणीच वैधव्य आलेल्या या शेतकरी स्त्रीने ज्योतिष्याला उद्देशून केलेल्या प्रसिद्ध कवितेत आपल्या नशिबाचे त्याने केलेले वाचन साफ नाकारले आहे. देवावर तिचा विश्वास आहे. देवाच्या वतीने बोलणाऱ्यावर नाही. आसोद्याच्या या लेकीने आणि ईयोबाने एकच गोष्ट ओळखली होती, असे म्हणता येईल.

६

खानदेशातील आणखी दोन घटना या विवेचनाला पूर्णता देतात. १९३२ मध्ये विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी बंद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली आणि सहबंदी साने गुरुजींनी ती उतरून घेतली. कायदा मोडावयाचा, त्याबद्दलची शिक्षा मात्र पत्करावयाची, या सत्याग्रही आचरणात रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आणि प्रेषितांची आज्ञाभंगाची घोषणा ही दोन्ही एकत्र नांदतात. राजाच्या अधिकाराला तेथे मान आहे, शेवटचा मान नाही. पुढे ख्रिस्तधर्माचे सार संकलित करणाऱ्या विनोबांना हे साम्य अपरिचित राहिले नसावे. राजाने शिक्षेसाठी बांधलेली इमारत तीन-चार महिने पाठशाळा झाली. योसेफाच्या आणि पौलाच्या बंदिवासाची आठवण व्हावी अशीच ही घटना आहे.

परंतु याच विनोबांच्या नावे १९७५ मध्ये, आणीबाणीत, 'अनुशासन पर्व' हे शब्द गाजले. अनुशासन आचार्यांचे असते आणि सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन, असा भेद त्यांनी नंतर स्पष्ट केला. तोवर ते शब्द सरकारी फलकांवर चढले होते. आश्रमात उच्चारलेल्या शब्दांचा अर्थ शासनाच्या तोंडी बदलला. वक्त्याला तो बदल रोखता आला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत, आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. दुर्गाबाईंचा पिंड भाविकाचा नव्हता. तरीही सत्ताधाऱ्यासमोर, त्याच्या कैदेतून नुकत्याच सुटलेल्या माणसासाठी, त्याच्याहून अन्य कोणाकडे तरी मागणे करणे, या कृतीची जातकुळी पिलातासमोरच्या उत्तराची आहे.

दुसरी घटना सातपुड्याच्या पायथ्याची. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम सुरू झाले आणि भिल्ल-मावची वस्त्यांतून ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. येथील सुलतान दिल्लीत किंवा मुंबईत नव्हता. तो सावकार होता, जंगल खात्याचा शिपाई होता. याच मुलखात १९३८ च्या सुमारास मोरवडच्या गुलाम महाराजांनी, ख्रिस्ती मार्गाशी संबंध नसलेली, आरतीची आणि दारूबंदीची चळवळ चालवली. तिची खूण अशी की, भिल्लांनी परस्परांना 'आप' म्हणून संबोधावयाचे. ज्यांना सर्वांनी अरे-तुरे केले त्यांनी एकमेकांना राजाला शोभणारे सर्वनाम दिले. ईश्वर सर्वांचा धनी आहे हे मानण्याचा सामाजिक अर्थ कोणता, असे विचारल्यास या एका सर्वनामाकडे बोट दाखवता येईल. अंतिम मान ज्याचा आहे त्याच्यापुढे बाकीचे सारे एका पातळीवर येतात, आणि मग मानार्थी शब्द वाटून घेता येतो.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. विधानाचा अर्थ वक्त्यावर अवलंबून असेल, तर ईश्वर खरोखर सार्वभौम आहे की नाही हा प्रश्न शिल्लकच राहत नाही. सत्याची जागा सोय घेते. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर देणे कठीण आहे. एवढे मात्र म्हणता येते की, साक्ष आणि स्पष्टीकरण ही दोन भिन्न प्रकारची विधाने आहेत. स्पष्टीकरण कोणीही देऊ शकतो, त्याला काही मोजावे लागत नाही. साक्ष देणाऱ्याला तिच्या परिणामांना तोंड द्यावे लागते. सार्वभौमत्वाचे प्रतिपादन साक्ष म्हणून खरे असू शकते आणि स्पष्टीकरण म्हणून खोटे पडू शकते. ईयोबाचा ग्रंथ हाच भेद शिकवतो. कोणतीही सत्ता शेवटची नाही, हा त्यातील सत्याचा भाग आहे. कोणती आपत्ती कोणत्या हेतूने आली हे सांगण्याचा अधिकार मात्र त्यातून कोणालाही मिळत नाही.

तरीही १६३० च्या नंदुरबारच्या वाटेवर जे पडले ते कोणतीही साक्ष न देताच गेले. त्यांचे दुःख योसेफाच्या वाक्यात बसत नाही, आणि ते बसवू पाहणारे धर्मशास्त्र मित्रांच्या बाजूचे ठरते. ख्रिस्ती श्रद्धा त्यांच्याविषयी एवढेच म्हणू शकते की, त्यांचा हिशेब सुलतानापाशी संपलेला नाही. अस्मानी आणि सुलतानी या शब्दांपुढे मराठीने तिसरा शब्द घडवला नाही. तो घडवण्याची घाई न करणे, आणि जाब मात्र विचारत राहणे, हाच कदाचित त्या श्रद्धेचा प्रामाणिक व्यवहार असावा.